सात नंबर

वखारीत तेरा डबे निघाले.
चौदा असायला हवे होते.
झाकणांवर एकीकडे मराठी नाव, एकीकडे कानडी,
दोन्ही गंजानं सारखीच खाल्लेली,
आणि आत एक चिठ्ठी, निळ्या पेन्सिलीनं:
'सात नंबर सायकलीवर संकेश्वरला. आला की लावणे.'

आला नाही.
कुणी म्हणतं हिरण्यकेशीच्या पुलावरून पडला,
कुणी म्हणतं पोऱ्या भज्यांच्या गाड्यावर विसरला
आणि भीतीनं गोकाककडे पळाला.

डबा उघडला की आंबलेला वास येतो,
निपाणीच्या तंबाखूत मिसळतो,
आमचे डोळे वाहतात.
बघणाऱ्यांना वाटतं, काय भावनाप्रधान पोरं.

बाळगोंडानं स्कॅनर घरीच जुळवलाय:
शिलाई मशीनची मोटर, एक दिवा,
लग्नं शूट करून थकलेला कॅमेरा.
पडद्यावरच्या एका सेकंदाला
आमची दोन मिनिटं जातात.
उन्हाळ्यात बसलो होतो, दिवाळी आली.

उजव्या कडेला एक हिरवी रेघ
पहिल्यापासून शेवटपर्यंत थरथरते.
ती पुसायची की ठेवायची, यावर दोनदा भांडलो.
ती इथल्याच मशीननं पाडलेली,
दस्तगीर नदाफांच्या,
जे कार्बनच्या कांड्या चिमटीत जळेपर्यंत पुरवायचे.
मी म्हटलं, ठेव. मुंबईच्या प्रिंटवर ही रेघ नसेल.
बाळगोंडा म्हणाला, मुंबईत प्रिंटच नाही.

सातव्याचा पत्ता लागेना.
मग तायव्वा आली,
विड्या वळून बोटांवरच्या रेषा गेलेली.
तपकिरीच्या डबीतून एक पट्टी काढली,
खिडकीकडे धरली, आधी स्वतः बघितली.
अकरा फ्रेमा.
दारातली बाई वळायला लागलीय,
वळून झालेली नाही.

'नदाफानं दिलती. का, ते इचारू नगा.
फोटू काढा. दिवस बुडायच्या आत माघारी आणा.'

अकरा फ्रेमा म्हणजे अर्धा सेकंदसुद्धा नाही.
रीळ होतं अकरा मिनिटांचं.

विडी कामगारांच्या हॉलात चादर बांधून लावला.
सहावं संपलं. काळोख.
मधेच ती बाई लखकन आली, गेली.
पुन्हा काळोख, घड्याळ लावून, पूर्ण.
बाळगोंडाचा हट्ट.

पहिलं मिनिट खोकल्यात गेलं.
मग मागून कुणीतरी म्हणालं, हितं ती भावाला पत्र देती.
पत्र नव्हं, बांगड्या.
एक म्हातारा कानडीत म्हणाला, काही देत नाही, नुसती रडते.
बिब्ब्याची खूण असलेल्या आजोबांनी तर
विहिरीवरचं एक भांडणच उभं केलं,
जे माझ्या मते दुसऱ्याच सिनेमातलं.
कुणी कुणाचं ऐकत नव्हतं,
सगळे चादरीकडेच बघत होते.

तायव्वा काही बोलली नाही.

आठवं सुरू झालं,
बाई परक्या घरात पाणी भरतेय,
आणि मागे अजून बांगड्यांवरून चाललेलंच.
'गप बसा की वो,' कुणीतरी ओरडलं,
'पिच्चर बघू द्या.'