ठेवणीतलं

मोखोत्लोंगच्या डोंगरात जून म्हणजे हाडं मोजणारी थंडी.
त्या जूनमध्ये मी म्हाताऱ्या माकाबेलोच्या सहा मेंढ्या चोरल्या,
दोन खाल्ल्या, चार नदीपलीकडे विकल्या,
आणि पकडला गेलो तेव्हा अंगात नुसता सदरा होता.

गावप्रमुखाच्या अंगणात सगळे जमलेले.
तो म्हणाला, सहाच्या बारा दे, नाहीतर तुरुंग.
माझ्याकडे बारा कोंबड्याही नव्हत्या.
तेव्हा म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली
आणि म्हणाली, "फिटलं."
इतकंच. जसं काही मीच मोजून दिलं होतं.
मग तिनं अंगावरचं कांबळं काढलं,
तांबडं, काळ्या पट्ट्यांचं, शेणीच्या धुराचा वास येणारं,
आणि माझ्या खांद्यावर टाकलं.
"थंडी वाजत असेल तुला."

मी ते पत्र्याच्या पेटीत ठेवलं,
चार घड्या घालून, घडीघडीत तंबाखूचं पान.
दर रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहायचो,
कांबळं उलगडून दाखवायचो, ही बघा कृपा!
बायका डोळे पुसायच्या, पाळक मान डोलवायचे,
आणि दुपारच्या आत कांबळं परत पेटीत.
पाच वर्षं. एक सुरकुती नाही.
मला वाटायचं, देवाचं देणं
माझ्याइतकं कुणी जपलं नसेल.

मग ते हिमवादळ.
मध्यरात्री दार वाजलं. सेलो,
बारा वर्षांचा, दुसऱ्यांची गुरं राखणारा,
पायांना ओल्या चिंध्या बांधलेला.
मी चूल फुलवली. चहा दिला.
पेटी उघडली. हात घातला.
वाटलं, भिजेल. रविवार परवावर आलाय.
मी त्याला पोतं दिलं.
देवाशप्पथ, चांगलं जाड पोतं होतं.

सेलोच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

बर्फ वितळल्यावर पेटी उघडली.
तंबाखूला न जुमानता कसर आत पोचलेली.
एक भोक चारही घड्यांतून आरपार,
आणि बारीकसारीक तर मोजलीच नाहीत.

ते घेऊन म्हातारीकडे गेलो.
मनात होतं, आपण रडू, आणि ती पुन्हा "फिटलं" म्हणेल.
तिनं कांबळं नाकाशी नेलं.
बराच वेळ हुंगलं.
"त्सेलिसो, याला तुझा वासच नाही रे," म्हणाली.
मग दाभण काढला, भुऱ्या मेंढीच्या लोकरीचा गुंडा काढला,
आणि दोन्ही माझ्या मांडीवर ठेवले.
तीन दिवस लागले. ती समोर बसून मटार सोलत होती.
टाके वाकडे आले. तिनं उसवू दिले नाहीत.

त्यानंतर ते कांबळं घरात फारसं सापडलं नाही.
लेबाकेची सून खिंडीतच बाळंत झाली, ते तिच्याखाली होतं.
पुरात आम्ही चौघांनी चार टोकं धरून
तापलेल्या मास्तरला पलीकडे नेलं. (मास्तर वाचला नाही.)
एक कोपरा चुलीत जळला,
कोकरांचा वास धुऊनही जात नाही,
आणि परवा पाळकांनी विचारलं,
हल्ली साक्षीला उभा राहत नाहीस?
म्हटलं, दाखवायला काय आणू?
आत्ता कुणाकडे आहे, विचारून सांगतो.

या जूनमध्ये ते सेलोकडे आहे.
त्यानं मागितलं नव्हतं, मी दारात ठेवून आलो.
कधीकधी वरच्या कुरणाकडे एक तांबडा ठिपका
किंचित लंगडत चढताना दिसतो.
त्यानं मला माफ केलं का, तो बोलला नाही.
मी विचारलंही नाही.

मी रात्री पोतं पांघरतो,
तेच. चांगलं जाड आहे.
थंडी वाजतेच.