पाणसळ

डोळ्यात गॅस भरलाय, डॉक्टर म्हणाले,
पंधरा दिवस पालथं राहायचं, मिस्तरी.
जेवताना, निजताना, कोणी भेटायला आलं तरी
मान खाली.
धुळ्याहून अमळनेरपर्यंत गाडीत
मी माझ्याच चपला बघत आलो.

आता पैलाडच्या घरात, उशीवर कपाळ टेकून.
उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळी,
डाव्याला फक्त फरशी.
शहाबादी, दोन बाय दोनची,
मीच बसवलेली, थोरलीच्या लग्नाआधी,
दिवसभर दुसऱ्याचं काम आटपून
रात्री, साठच्या बल्बखाली.

माणसं टाचांवरून ओळखतो.
झुलाल आला की ओणवा होतो, आणखी ओणवा,
शेवटी जमिनीला गाल लावून विचारतो,
‘कसा शे रे डोया?’
त्याच्या मिशीला फरशीची धूळ.

दर चार तासांनी मोबाइल कोकलतो.
केवळ येते, जाळी काढते,
थेंबापुरता उताणा करते मला,
आणि लगेच पुन्हा पालथा.
तेव्हा त्या डोळ्यात बुडबुडा दिसतो.
काळ्या कडेचा. मान कलली की सरकतो,
थांबली की थोडा डुलून थांबतो.
चाळीस वर्षं हाच बुडबुडा
दोन रेघांच्या मधे आणत आलो,
लोकांच्या जोत्यांवर, गच्च्यांवर,
एकदा तर तालुक्याच्या कोर्टाच्या पायरीवर.
आता तो आत बसून
माझी लेव्हल बघतो.

अखाजीला लेकी आल्या.
दारातल्या निंबाला झोका बांधला,
त्याची सावली माझ्या डोक्याखालून
ये-जा करत राहिली दुपारभर.
सांजोऱ्या मी मान खाली घालूनच खाल्ल्या,
शाळेत मार खाल्लेल्या पोरासारख्या.

आणि नातीनं तांब्या लवंडला.

पाणी मोरीकडे गेलंच नाही.
माझ्या नाकाखालून, सांध्यासांध्यानं वळत,
सावकाश कणगीकडे निघालं.
बोटभर उतार. उलटा.
अख्ख्या गावाच्या मोऱ्या मी काढल्या.

केवळची पावलं आली, न घाईची.
पाणी पोचायच्या आधीच
नेमक्या जागी फडकं टाकून
ती बाजूला उभी राहिली.

‘हाई कवयपाईन?’
‘फरशी बसाडी तवयपाईन.’
‘सांगं का बरं नही?’
‘मंग काय, उखाडतात का तुम्ही?’
फडकं पिळल्याचा आवाज.
जोडवं एका बाजूनं झिजलेलं दिसलं मला,
ज्या बाजूनं ती रोज टेकून बसत असणार.

रात्रभर मोजत राहिलो.
सोळा फरश्या, फार तर अठरा.
अकराव्या दिवशी बुडबुडा मसुरीएवढा झाला,
तेव्हा नातीला खडू आणायला लावला,
ही कर, ती कर, कोपऱ्यातली कर,
प्रत्येक चुकीच्या फरशीवर एक फुली.
डोळा बरा झाला की लागतोच कामाला.

सकाळी केवळनं पोछा मारला.
पांढरं पाणी माझ्या नाकाखालून गेलं,
सगळ्या फुल्या मिळून,
कणगीकडे.