जि. प. खानदेश

वडील धुळ्याला कलेक्टर कचेरीत, रेकॉर्ड रूमला.
जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा जुने शिक्के
मोजून मोडीत काढायचे होते.
भरले एकोणीस. पंचनाम्यात अठरा.

एकोणिसावा आमच्याकडे, गल्ली नंबर पाच,
मिठाच्या बरणीमागे. पितळी, शिसवी मुठीचा.
आई त्यानं शेंगा फोडायची.
सरकारी मालमत्ता आहे ती, वडील म्हणायचे
आणि दाणे उचलायचे.

हरणाआत्याचं खापरदरी त्याच साली गुजरातेत गेलं.
यादी वडिलांनीच उतरवली होती,
गावाखाली गाव, टाकानं.
बहिणीच्या गावापाशी, असं ते एकदाच बोलले,
शाई होती तरी हात दौतीकडे गेला.

आम्ही भेटायला गेलो, नवापूरहून पुढे बैलगाडीनं.
आत्या चुलीपुढून उठलीच नाही.
"मी ते आठेच शे. ज्यासले जानं व्हतं, त्या ग्यात."

पुढे तिची पत्रं नातू लिहू लागला.
बोली आपलीच, लिपी त्याच्या शाळेतली:
अक्षरांच्या डोक्यावर रेघ नाही,
दोरी काढून घेतली तरी
धुणं तसंच लटकलेलं.
वरची रेघ कुठे गेली, मी विचारलं.
नकाशात लागली, वडील म्हणाले.

पत्ता तेवढा ती सांगून मराठीत काढून घ्यायची,
शेवटी ठरलेलं: जि. प. खानदेश.
वेडू बोरसे पोस्टमन होता तोवर एकही पत्र चुकलं नाही.
त्याच्यानंतरच्या पोरानं
जि. प. वाचलं आणि नेऊन दिलं जिल्हा परिषदेत.
अठरा दिवसांनी आलं ते आमच्या दारात,
अंगावर आवक विभागाचा जांभळा शिक्का.
आत लिहिलं होतं, आजीला बरं नाही, लवकर निघा.

बाराव्याहून परतल्यावर वडिलांनी
बरणीमागून तो काढला.
गादी कधीचीच वाळलेली.
काजळात तेल कालवलं,
नातवाच्या नावच्या पाकिटावर
दोन्ही हातांनी दाबून धरला, बराच वेळ.

इतक्या वर्षांच्या शेंगांनी पितळ झिजलेलं.
पश्चिम नाही, पुढचं नदेशही नाही.
मधला खा तेवढा उमटला.

आईनं तो वाचला
आणि त्यांचं ताट वाढलं.