डावा इंडिकेटर

डावीकडचं बटण दाबलं की हॉर्न कण्हायचा.
वाजायचा नाही, कण्हायचा,
तापातल्या माणसाला कुशीवर वळवावं तसा.
ब्रेक लावला की हेडलाइट पेंगायचा,
आणि न्यूट्रलचा हिरवा ठिपका
चौथ्या गिअरमध्येही लागायचा,
जणू गाडी म्हणतेय, मी कुठे चालतेय,
तूच चाललायस.

घाटंजीत सांगितलं, अख्खं वायरिंग टाका नवं.
पारव्याच्या पोराने बॅटरी बदलली;
नव्या बॅटरीवर हॉर्न
आणखी जोमाने कण्हू लागला.

शेवटी फाट्यावर, डोमाजी टेकामकडे.
मोहाच्या फांदीला तीन टायरं,
बुंध्याशी पोतं, पोत्यावर पाने,
आणि जुन्या इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून
घरीच केलेला टेस्टर.
सीट काढली. टाकी उतरवली.
मग हात पुसून नुसता बघत बसला,
परक्याची ट्रंक उघडल्यावर बसावं तसा.

"कितवे मालक तुमी?"
"चौथा."
"पाचवे," तो म्हणाला. "हा पिवळा टेप पाहा.
पीळ उलटा हाये. डावखुऱ्या माणसाचा हात.
बँडवाला असन, भोंगा चालवे गाडीवर."
बोट पुढे सरकलं.
"ही निळी वायर शेतातल्या पंपाची.
जागलीले दिवा लावे कोनी,
डुकरं हाकलाले.
अन् हे पाहा, फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी.
हा घाईतला माणूस होता.
का पोट्टं आजारी होतं घरी, काय सांगाव."

सीटखाली एक लाल वायर निघाली,
टोकाला काहीच नसलेली.
टेस्टर लावला तर बल्ब पेटला.
करंट येत होता,
कुणीही मागत नसताना.
"तोडू?"
का कोण जाणे, मी नाही म्हटलं.
त्यानेही का म्हणून विचारलं नाही,
टेप गुंडाळला आणि जागच्या जागी बसवली.

दुपार कलली. चहा दोनदा आला.
एकेका वायरीवर बल्ब पेटत गेला,
सगळे जोड खरे निघाले,
त्या घाईतल्या माणसाचासुद्धा.
मग त्याने बल्बची दुसरी वायर
फ्रेमच्या बोल्टला टेकवली.
बल्ब विझलेलाच.

"अर्थच भेटून नाही राह्यला गाडीले."

बावीस वर्षं मराठी शिकवतो मी.
पोरं मागच्या बाकावर झोपतात
तेव्हा मीही हेच म्हणतो, पण
इतकं सरळ कधी जमलं नाही.

"रंग कोनं देल्ला हिले?"

रंग मी दिला होता.
दिवाळीच्या सुट्टीत, अंगणात, वीस दिवस खपून,
पॉलिश पेपरने बोटांची सालं निघेपर्यंत.
हँडल उंच केलं होतं, मडगार्ड छाटलं होतं,
आणि तुरीच्या कोवळ्या शेंगेचा हिरवा
सगळीकडे फासला होता, तीन हात,
एकही ठिपका न सोडता.
बोल्टखालीसुद्धा.

डोमाजी हसला नाही.
बोल्ट काढला, रुपयाएवढा रंग खरवडला,
आत लोखंड पांढरं चमकलं.
ग्रीसचं बोट लावलं, बोल्ट आवळला.
"इथं पुन्हा रंग देजो नका, मास्तर.
थोडंसं उघडं राहू द्या लागते."
"किती झाले?"
"चाळीस. चहा तुमचाच होता."

घरी निघालो. ब्रेक लावला,
हेडलाइट टक्क जागा.
शाळेच्या वळणावर डावं बटण दाबलं.
हॉर्न गप्प.

तिथे रस्त्याच्या मधोमध
एक तांबडं कुत्रं झोपतं.
रोज त्या कण्हण्यानं उठून
दोन पावलं सरकायचं, परत पडायचं.
आज पडूनच राहिलं.
मी थांबलो. पाय टेकवले.
सगळं काही ठीक चालू असलेली गाडी
हळूच त्याच्या शेपटीवरून
वळवून घेतली.