पाचपैकी

बेलापूरच्या ऑफिसात टेबलभर पसरलाय वॉर्डांचा आलेख.
आडव्या अक्षावर माणसं: वय, शिक्षण, खोलीमागे डोकी.
उभ्या अक्षावर, त्यांचं बरं चाललंय का.

ठिपके शहाण्या पोरांसारखे
तिरप्या रांगेत वर चढत जातात.
सहसंबंध शून्य पूर्णांक ब्याऐंशी.
शिंत्रे सर खूश.

एकच रांग सोडून
डाव्या कोपऱ्यात, वर, पार वर,
चुकून कौलावर बसलेल्या बगळ्यासारखा.
दिवाळे गाव.

तो ठिपका मी आणलाय.
पदूबाई तांडेल, वय एकाहत्तर,
खोलीत सहा जण, पाणी दिवसाआड.
सुकटीवरचे कावळे हाकत म्हणाली,
"पाच लिव."
मावशी, पाचपैकी पाच?
"कमी दिलं त सायब येतील बगाला.
वरचा माला पोरान बिनकागदाचा बांधलाय."
आख्ख्या गल्लीनं पाच दिले.

पाम बीचला, एकोणिसाव्या मजल्यावर
एका गृहस्थांनी दोन दिले होते:
खाडीवरून डास येतात,
क्लबहाऊसमधलं पाणी नीट तापत नाही.
किती निर्धास्त होते ते दोन.

"हा अपवाद," सर म्हणाले, "काढ."
काढला.
शून्य पूर्णांक एक्क्याण्णव.
रेषा अशी ताठ, की तिच्यावर कपडे वाळत घालावेत.

माझाही वॉर्ड आहे त्यात.
घणसोली, भाड्याची खोली, चौघी जणी,
खिडकीसमोर हातभरावर दुसऱ्याची भिंत.
मी चार दिले होते.
घरमालक दारात उभा होता.