लाभ, दोन, तीन

मशीनचा आवाज बंद पडला
दिवाळीनंतरच्या आठवड्यात.
दुरुस्तीला नांदेडला पाठवा म्हणाले, पंधरा दिवस.
दुखऱ्या दाढेला पंधरा दिवस थांब म्हणणारी
मी कोण?

म्हणून गयाबाई मोजू लागल्या.

खुर्चीत मुश्ताक टेलर,
सुपारीच्या खांडानं दाढ फोडून घेतलेले.
किडलेलं कोरून काढलं, आम्ल लावलं, धुतलं,
कडा खडूसारख्या पांढुरक्या झाल्या.
मग बाँड. मग मसाल्याचा पहिला थर,
ज्वारीच्या दाण्याएवढा.

एकदाच भरून टाका की, असं
मुश्ताकभाई डोळ्यांनीच म्हणाले, तोंडात कापूस.
उत्तर गयाबाईंनी दिलं:
"एका दमात कोंबलं की पोतं शिवणीत उसवतंय, भाई.
तुम्हाला काय सांगावं?"
कॉलेजात हेच मी चार पानं लिहिलं होतं:
घट्ट होताना मसाला आकसतो, भिंती ओढतो,
खोलवर उजेड पोचत नाही,
वर दगड, तळाशी कणीक.

त्या नारंगी काच धरतात.
मी निळा उजेड दाढेच्या अगदी जवळ नेते.
लाभ.
दोन.
तीन.

एक म्हणत नाहीत. वडील सेलूच्या मोंढ्यात मापाडी,
राशीचं पहिलं माप कधी एक नसायचं.
आणि दोन-तीनच्या मध्ये
पायली रिती होऊन पुन्हा भरेल
एवढी जागा.
वीस व्हायला अर्धं मिनिट.

मी चिडायचे. बाहेर बाकावर
मानवतहून आलेली माणसं, त्यांची परतीची गाडी.
बाई, जरा पळवा ना.
"माप पळवलं की खोट येती,"
म्हणाल्या, आणि अकरा
तेवढंच लांब ओढलं.

उन्हाळ्यात परभणीची मैत्रीण आली,
पर्समध्ये उजेड मोजायची डबी.
सहज माझा दिवा तिच्यावर धरला.
काटा हिरव्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबला.
टोकावर वाळलेल्या मसाल्याची खपली,
आत बल्ब कधीचा थकलेला.
डोळ्यांना कळत नाही हे.
निळं ते निळंच दिसतं.

त्या रात्री वही काढली,
दिवाळीपासूनची एकेक दाढ नावानिशी.
दुसऱ्या दिवसापासून बोलावत गेले,
टोकदार सुईनं दाबून बघत गेले.
मुश्ताकभाईंची: घट्ट.
वालूरच्या पोस्टमनची: घट्ट.
बोरीच्या दोन्ही जावांच्या: घट्ट.
एक तेवढी भुसभुशीत निघाली,
सुईला चिकटली.
तारीख पाहिली. गयाबाई भाचीच्या लग्नाला गेलेल्या.
त्या दिवशी वीस
मी मोजले होते.

आता नवा दिवा आहे,
दहा सेकंदांत काम करतो, स्वतःच वाजतो.
गयाबाईंना सांगितलं, आता मोजायची गरज नाही.
बरं म्हणाल्या.
काचेमागे ओठ हलतात.

दिवा वाजून विझतो तेव्हा
त्या सातावर असतात.
मी बटण पुन्हा दाबते.