वाळू लागली की थांबायचं

नकाशात लिहिलंय : केबल, रस्त्याच्या कडेपासून तीन फूट.
कुठली कड?
कन्ना चौकाच्या पुढचा हा रस्ता
माझ्या देखत दोनदा रुंद झाला.
ती कड आता गुंडेटींच्या कारखान्याच्या पायरीखाली असेल,
नाहीतर टपरीवाल्याच्या स्टोव्हखाली.
कागदावर मात्र अजून तिथंच,
एकोणनव्वद सालची, पेन्सिलीची.

सकाळी शोधयंत्र फिरवलं.
गुणगुणलं काहीतरी, पण भिंतीआड बत्तीस माग खटाखट,
काय ऐकू येतंय तेच कळेना.
आत जाऊन म्हटलं, मालक, दहा मिनिटं बंद ठेवता?
ते म्हणाले, दहा मिनिटांत किती टॉवेल होतात ठाऊकाय?
तरी ठेवले.
अख्खी गल्ली दारात आली,
कुणी गेलं की काय म्हणून.

आणि यंत्रही गप्प.
या टोकापासून त्या टोकापर्यंत हूं नाही की चूं नाही.
मोसिन जेसीबीवरून ओरडला,
"काय नाही बे खाली, टाकू का बकेट?"
मी हात वर केला.
तो खाली यायला तयार नव्हता.

मागांच्याच पोटासाठी धावणारी ती.
माग निजले की तिला काम नाही,
तिचं गुणगुणणं थांबतं.
पण ती तिथंच असते, पूर्ण दाबानं भरलेली.
गप्प आहे म्हणजे मेलेली नाही.
हे प्रशिक्षणात लिहून घेतलं होतं मी, सुवाच्य अक्षरात.
कळलं आत्ता.

"मालक, चालू करा!"
खटाखट आली, तिच्या मागोमाग गुणगुण,
नकाशातल्या जागेपासून चांगली चार पावलं बाजूला.
तिथं चुन्याची रेघ मारली.
यापुढं यंत्राचं काम नाही.
यापुढं दुर्गव्वा.

दुर्गव्वा विटकर अशा जागी पहार घेत नाही, टिकाव घेत नाही.
लाकडी दांड्याचं फावडं, तेही आडवं,
ताटातला भात सारावा तसं.
तिच्या घरी दाराआड एक पहार आहे,
टोक मेणासारखं गळालेलं.
ती कुणाची, हे आमच्यात कुणी विचारत नाही.

डांबर. खडी. मुरूम.
मग काळी माती, फावड्याला धरून बसणारी.
ठेकेदाराचा फोन :
जेसीबीचा तास चालू आहे, काय उकरताय मांजरासारखं?
मोसिननं किल्ली काढून खिशात टाकली.

अडीच फुटांवर आवाज बदलला.
"थांब बे. वाळू लागली."

या काळ्या मातीत वाळू आपणहून येत नाही.
सीनेतनं, भीमेतनं कुणाला तरी आणावी लागते.
वाळू दिसली म्हणजे आपल्याआधी कुणीतरी इथं
गुडघ्यावर बसलं होतं.
दुर्गव्वानं हातानं चाचपलं.
वीट. शेजारी वीट.
ओळीनं आडव्या, एकही फुटलेली नाही.
एक किंचित उचलून तिनं खाली बघितलं,
पाळण्याचं पांघरूण उचलतात तसं,
आणि जशी होती तशीच परत ठेवली.

आमची नळी दीड फूट पलीकडून गेली.

संध्याकाळी खड्डा भरताना ती म्हणाली, वाळू कमी पडालीय.
बिलात वाळू नव्हती.
टपरीच्या मागं कुणाच्या तरी बांधकामाची पडलेली,
विचारून दोन पाट्या आणल्या.
वर लाल फीत अंथरली, मग माती.

मी नकाशातले तीन फूट खोडले.
लिहिलं : गुंडेटींच्या पायरीपासून सात फूट.
आणि पेन्सिल तशीच राहिली हातात.
पायरी तरी किती वर्षं?

दुर्गव्वा फावडं झटकत होती.
"लिही कायबी," म्हणाली,
"वाळू नीट टाकलीय मी."